दुसऱ्या चिठ्ठीतला

उत्तनच्या देवळात पवित्र गुरुवारी
वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात.
पहिली दुमिंग नाखव्याची, त्याच्या बापाचीही तीच होती.
मग ज्यांच्या दोन होड्या, मग ज्यांची एक,
मग तांडेल,
आणि दाराकडच्या टोकाला एखादा खलाशी,
तोही शुभवर्तमानात कोळी होते म्हणून.
असं कुणी ठरवलेलं नाही. असंच आहे.
होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा,
तांडेलाला दीड, खलाशाला एक,
तसेच पायसुद्धा.

यंदा टोकाच्या खुर्चीवरचा इनास
उपासकाळातच गेला.
जागा एक, माणसं दोन:
माझा बाप बस्त्याव, आणि कैतान.
फादर नवे, अजून कोरे करकरीत. म्हणाले,
यहूदाच्या जागी माणूस घ्यायचा होता तेव्हा
प्रेषितांनी चिठ्ठ्याच टाकल्या.
बापाला ते यहूदा आवडलं नाही.
इनास त्याचा जाळ्यावरचा जोडीदार.

बुधवारी संध्याकाळी, रोझरीनंतर,
कॉफीच्या डब्यात दोन चिठ्ठ्या.
मान्वेलच्या नातवाने हात घातला.
कैतान.

बाप हसला. मोठ्याने, सगळ्यांच्या आधी.
पण त्याच सकाळी ओट्यावर बसून
विटेच्या तुकड्याने त्याने टाचा घासल्या होत्या
भेगांतलं डांबर निघेपर्यंत,
आणि नखांसाठी माझी कोळंबीची कात्री नेली होती,
न विचारता.

रात्री मी पुस्तक उघडलं
तो दुसरा कोण होता ते बघायला.
योसेफ. त्याला बर्सब्बा म्हणत. युस्त असंही म्हणत.
तीन नावं होती माणसाला
आणि निघालं एकही नाही.
योहान नदीत उभा होता तेव्हापासून
ढगाने वर झाकून नेईपर्यंत
बरोबर चाललेला,
पुढच्या ओळीत नाहीच.
घरी गेला का? कुणी विचारलं का, जेवलास?
पेत्राने खांद्यावर हात ठेवला,
की पेत्र तेव्हा मोजत होता,
झाले ना बारा?
बरं, ज्याची निघाली त्या मत्थियाचंही
तिथे पुढे नाव येत नाही.

आणि सुरुवातीपासून सोबत असणं हीच जर अट,
आणि उठलेला प्रभू डोळ्यांनी पाहिलेला असणं,
तर मग्दालीच्या मरियेची चिठ्ठी
का नाही टाकली कुणी,
हे मी फादरांना विचारणार होते.
बाजारात ते माझ्या टोपलीपाशी थांबले,
पापलेटचा भाव विचारला,
आणि राहून गेलं.

गुरुवारी दुपारी बाप उठून देवळामागे गेला,
तीन दगड मांडले, पातेलं ठेवलं.
म्हाताऱ्यांच्या पायांवर गार पाणी नको, म्हणाला.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
पुस्तकात एक आहे तसा, पाण्याचा घडा घेऊन जाणारा,
त्याच्या मागे जा म्हणजे माडी सापडेल, असं सांगितलेला.
त्याला तर एकही नाव नाही.

मिस्सेला बाप फादरांच्या मागून वाकून चालला,
हातात जग, खांद्यावर आमच्या घरचा टॉवेल.
दुमिंग नाखव्याला कोमट.
शेजारच्याला कोमट.
अकरा वेळा त्याने बोट बुडवून पाहिलं,
गार मिसळलं, मग पुढे केलं.
बाराव्याला नुसतंच पुढे केलं.
कैतान खुर्चीतून उडालाच.
फादर ओठ अर्धवट ठेवून थांबले.
बापाचा चेहरा कोनाड्यातल्या संतासारखा.

"एवढं काही भाजलं नाही त्याला,"
वळांडीखालून घरी येताना तो म्हणाला.
वर रिकाम्या बांबूंवर चांदणं होतं,
बोंबील शनिवारनंतरच.
मी काही बोलले नाही.
तोही पुढे बोलला नाही,
पण रात्रभर कूस बदलत होता.

सोमवारी पहाटे चारला दाराबाहेर हाक.
दोघंही दुमिंगच्याच होडीवर, एकेक वाटेकरी.
कैतान कंदील खाली धरून उभा,
त्याचे पाय दिसत होते, धडधाकट,
चार दिवसांत पुन्हा डांबराने काळे.
"बस्त्याव," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी
तू बस खुर्चीवर.
पाणी मी आणतो."

बाप बराच वेळ
चप्पल शोधत राहिला.